शेवटच्या खोलीतली ऊब

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दीड वाजता शाळेच्या स्वयंपाकघरातून घरी आले. अंगाला कोबीचा वास, पायांचे तुकडे पडलेले, आणि रोना नर्स माझ्या आधी येऊन सासऱ्यांच्या खोलीत थर्मामीटर धरून उभी.

"बारा," ती म्हणाली. "मॉर्व्हेन, बारा अंश आहे इथे. फेब्रुवारीत न्यूमोनियातून उठलेला सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस या खोलीत झोपतो."

मी म्हटलं, अगं अजून हीटिंग लावलंच नाही. या घरात अकरा नोव्हेंबरच्या आधी बॉयलर पेटत नाही. लढाईत गेलेल्यांच्या स्मारकावर फुलं वाहायची आणि मग घरी येऊन बॉयलर पेटवायचा, असा सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा नियम. बोलता बोलता माझं मलाच कळलं की हे काही शहाण्या माणसाचं बोलणं नाही.

"नियमाला फ्रेम करून भिंतीवर लाव," रोना म्हणाली. "या खोलीत दिवसरात्र अठरा पाहिजे. नोव्हेंबरात मी पुन्हा मोजणार. नसलं तर हिवाळ्यात यांना इथे ठेवू नये असं मला वर लिहावं लागेल. मग वृद्धाश्रम. मला आवडतं म्हणून नाही बोलत मी."

सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसून समोरच्या कुरणातल्या मेंढ्या बघत होते. जन्मभर केल्सोच्या बाजारात मेंढ्यांचे लिलाव पुकारले त्यांनी, आवाज तीन कुरणं ओलांडून जायचा. घरात मात्र दिवसाला दहा शब्द. "ऐकलंत का, डॅड?" मी विचारलं. "ऐकलं," म्हणाले. एक शब्द तिथे संपला.

बॉयलर पेटवला. नियम मोडला. आभाळ काही कोसळलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस बॉयलर चालू आहे. तळघरात तो खोकतो, थुंकतो, भिंतींतून ठोके मारतो, आणि सासऱ्यांच्या खोलीत जेमतेम तेरा. अकरा खोल्यांचा हा जुना पाद्रीबंगला आणि राहणारी माणसं दोन. चर्चने विकला तेव्हा सासऱ्यांच्या वडिलांनी घेतला, घेताना कुणाला विचारलं नसणार की हा तापवायचा कसा.

माझी खोली मात्र छान तापते. पूर्वेच्या टोकाची, सगळ्यात शेवटची. माझा नवरा डुगल गेल्यावर आमच्या खोलीत झोप लागेना म्हणून तीन वर्षांपूर्वी इथे बिऱ्हाड हलवलं. काल एक पांघरूण काढून टाकावं लागलं. चला, या घरातला एक तरी रेडिएटर देवाने माझ्या नावावर लिहिलाय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नळवाला स्ट्रूअन पर्व्हिस येऊन बघून गेला. घरोघरची बॉयलरं आणि घरोघरच्या भानगडी दोन्ही त्याला तोंडपाठ. तळघरात जाऊन बॉयलरवर हात ठेवून उभा राहिला, आजारी गाईजवळ राहतात तसा.

"माझ्या आजोबांनी बसवलाय हा," म्हणाला. "कोळशावर चालायचा. बापाने तेलावर आणला. आता मी आलोय तो मातीला, मिसेस टेट. याच्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही."

मग मला घरभर फिरवून नळ दाखवला. एकच नळ. बॉयलरपासून निघतो, एकेक खोली घेत पार टोकापर्यंत जातो आणि परत येतो. "पाणी जाता जाता थंड होत जातं. आधीच्यांच्या ताटात मांस, शेवटच्याच्या ताटात हाडं. जुन्या घरांतून असंच असायचं."

मी म्हटलं, "मग शेवटची खोली तर माझी. ती कशी तापते? आणि माझ्या आधीची यांची, ती का गार?"

तो सासऱ्यांच्या खोलीत गेला, रेडिएटरची चावी फिरवून पाहिली. "घरातल्या बाकीच्या चाव्या गंजून बसल्यात, पान्याशिवाय हलत नाहीत," म्हणाला. "ही तर लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते."

"त्यांच्या हाताला चैन नसते," मी म्हटलं. "चाळीस वर्षं लिलावाचा हातोडा आपटलाय. आता जे हाताशी येईल ते फिरवत बसतात."

स्ट्रूअनने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मेंढ्यांकडे पाहिलं. "हं," स्ट्रूअन म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

एडिनबराहून ग्रिअरचा फोन आला, नवा बॉयलर आणि नवे नळ घालायचं ठरल्याचं तिला सांगितलं. नणंदबाईंचं नेहमीचंच. "एवढं घर उकरतेस कशासाठी? केल्सोजवळच्या त्या वृद्धाश्रमात आत्ता खोली रिकामी आहे. तुझेही हाल संपतील." मी ठणकावून सांगितलं की तुझे वडील त्यांच्या घरातच राहतील. फोन ठेवल्यावर बराच वेळ जिन्यावर बसून राहिले. इतकं ठणकावून का सांगितलं, ठाऊक नाही. माझी पाठ तर मला रोज विचारते की किती दिवस.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

कामाचा दुसरा दिवस. जिथे बघावं तिथे फळ्या उचकटलेल्या. चहाच्या कपात धूळ, ब्रेडवर धूळ, दातांखाली धूळ. शाळेतून रजा घेतली आणि रजेत शाळेपेक्षा दुप्पट राबतेय. घरात ऊब नाहीच, म्हणून सासऱ्यांना स्वयंपाकघरात शेगडीशेजारी कोट-टोपी घालून बसवलंय, एखाद्या स्टेशनावर बसवावं तसं.

जुना बॉयलर घणाने फोडून तुकड्यातुकड्यांनी वर आणला. सासरे काठी टेकत बघायला आले. थोडा वेळ उभे राहिले, मग स्ट्रूअनला म्हणाले, "टोकाच्या खोलीला नवा देणार ना?"

"सगळ्यांनाच नवे, मिस्टर टेट."

"टोकाच्या खोलीला मोठा दे."

मी तिथेच फळ्यांवरून टुणटुण उड्या मारत सुपाचं पातेलं नेत होते. माझं डोकंच फिरलं. "डॅड, मोठा तुमच्या खोलीला हवाय. हे सगळं रामायण कुणासाठी चाललंय? माझ्या खोलीला काय धाड भरलीय?"

त्यांना सूप दिलं ते प्याले. वाईट वाटलं, पण माफी मागायला उठण्याइतकं अंगात बळ नव्हतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पेटला. आवाज नाही, वास नाही. तळघरात एक पांढरं कपाट उभं आहे, बस.

ग्रिअर मुद्दाम आली होती. स्ट्रूअनने आम्हा दोघींना स्वयंपाकघरात उभं करून समजावलं. आता जाणारा नळ वेगळा, येणारा वेगळा, मध्ये पंप. प्रत्येक रेडिएटरला त्याच्या वाटणीचं गरम पाणी सरळ मिळणार, एक उघडा-बंद केला तरी दुसऱ्याला फरक नाही. चावीवर शून्य ते पाच आकडे. "चारवर ठेवा आणि विसरून जा."

सासरे बाहेर बोळात खुर्चीत चहा घेत होते. मी म्हटलं, त्यांनाही बोलावू का. ग्रिअर म्हणाली, "कशाला? उगाच गोंधळतील. त्यांना फक्त सांग की हात लावू नका." स्ट्रूअन म्हणाला, "सांगितलं तर बरं." पण त्याची पुढची गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि मला केर काढायचा होता. राहिलं ते राहिलंच.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत साडेअठरा. थर्मामीटरसमोर उभी राहून मी चक्क रडले. एवढ्याशा आकड्यासाठी माणसाने रडावं म्हणजे किती दमलेय मी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी त्यांच्या खोलीत चौदा. चावी शून्यावर. मी चारवर केली. शाळेतून आले, पुन्हा शून्य.

"डॅड, हे तुम्ही बंद करता?"

"मला उकडतं."

"ओठ बघा आरशात. निळे पडलेत."

"सत्त्याऐंशी वर्षांचे ओठ आहेत. त्यांनी कुठला रंग धरायचा?" मग म्हणाले, "तुझी खोली बरी आहे ना, पोरी?"

"माझ्या खोलीचं सोडा हो," मी म्हटलं आणि चावी पुन्हा फिरवली.

८ नोव्हेंबर, शनिवार

चावी हलू नये म्हणून मी चिकटपट्टी गुंडाळली होती. सासऱ्यांनी ती खिशातल्या चाकूने व्यवस्थित कापून, घडी करून, टेबलावर ठेवली. वर चावी शून्यावर.

स्ट्रूअनला फोन केला. म्हणाला, चावीवर बसवायची कुलूपवाली टोपी मिळते, आणतो. मग जरा अडखळला. "कुलूप घालण्याआधी त्यांना एकदा विचारा की का करतात ते."

"विचारलं. उकडतं म्हणतात."

"मिसेस टेट, कुणाच्या घरात कोण काय करतं यात नळवाल्याने तोंड घालू नये, असं माझा बाप सांगायचा." एवढंच बोलला. मला वाटलं, कुलपाचं काम त्याला नको आहे. म्हटलं राहू दे. माणसाला त्याच्याच खोलीत कुलूप घालायचं माझ्याही जिवावर आलं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

स्मारकाला गेलो. वारा असा की फुलांचं चक्र धरून ठेवावं लागलं. सासरे टोपी काढून पूर्ण वेळ उभे राहिले, त्यांच्या चुलत्याचं नाव आहे त्या दगडावर. घरी आले ते लटलट कापत. चहा करून वर नेला तर खोली बर्फ आणि चावी शून्यावर.

मी ओरडले. जे बोलू नये ते बोलले. "मरायचंच असेल तर मरा, पण ते माझ्या डोक्यावर ठेवू नका. लोक म्हणतील सुनेने गारठवून मारला."

"बरं, पोरी," म्हणाले आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले.

रोना संध्याकाळी येऊन खोलीत नोंदी ठेवणारं यंत्र लावून गेली. आठवडाभर राहणार. मी रोज जाते, चावी चारवर करते, पाठ फिरली की तो थेरडा ती शून्यावर करतो. आणि माझी खोली इतकी उबदार की खिडकीला फट ठेवून झोपते. लाज वाटते आत पाऊल टाकताना.

१९ नोव्हेंबर, बुधवार

यंत्राचा कागद निघाला. तेरा, बारा, तेरा, मध्येच अठरापर्यंत एक उंचवटा, पुन्हा तेरा. उंचवटे माझे, खड्डे त्यांचे.

"नवा बॉयलर बसवून हे?" रोनाने विचारलं. मी सांगितलं की ते स्वतःच बंद करतात. मला वाटलं, याने त्यांची बाजू बळकट होईल, निदान घराचा दोष नाही असं ठरेल. झालं उलटंच. रोनाने पेन खाली ठेवलं. "मग हे जास्त वाईट आहे, मॉर्व्हेन. स्वतःला थंडी वाजतेय हे कळेनासं झालं, असा त्याचा अर्थ."

ग्रिअर फोनवर होतीच. सासरे समोर. वृद्धाश्रमाचा विषय निघाला आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडून 'हो' इतक्या पटकन निघालं, जसं काही फेब्रुवारीपासून जिभेवरच बसलं होतं. खरं सांगायचं तर लाजही वाटली आणि हायसंही वाटलं. थर्मामीटरने माझं काम केलं.

"तुम्हाला चालेल का, मिस्टर टेट?" रोनाने विचारलं. ते माझ्याकडे बघत होते. "चालेल," म्हणाले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पोचवून आले. एक बॅग, रेडिओ, काठी. वृद्धाश्रम भट्टीसारखा तापलेला. सगळे म्हातारे शर्टांत बसलेले. सांभाळणाऱ्या बायका चांगल्या आहेत. त्यांची खोली बोळात शेवटून दुसरी, खिडकीतून मोटारींची जागा दिसते, मेंढ्या नाहीत.

जेवणाला खिमा आणि कुस्करलेले बटाटे होते. दोन घास खाऊन ताट सारलं. "मेंढीनेसुद्धा तोंड लावलं नसतं," माझ्या कानाशी पुटपुटले. मला हसू आलं. मग म्हणाले, अंधार व्हायच्या आत निघ, रस्त्यावर बर्फ धरतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दहा तास झोपले. कुणाचा खोकला ऐकायला कान लावला नाही. संध्याकाळी टबात पडून राहिले, रात्रीला नुसता चीज-टोस्ट. हे सुख आहे. ते लिहून ठेवते म्हणजे नंतर मी स्वतःला वेगळं काही सांगणार नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतून सरळ त्यांना भेटायला गेले. दारातच योलांता भेटली, पोलंडची आहे, त्यांच्या बोळाची देखभाल करते.

"तुमचे सासरे फार गोड आहेत," म्हणाली, "पण रोज रेडिएटर बंद करून बसतात. मी उघडते, ते बंद करतात. काल विचारलं, आजोबा, का हो? तर म्हणाले, शेवटच्या खोलीतल्या बाईपर्यंत पोचायला पाहिजे. शेवटची खोली तर रिकामी आहे. तिथे आम्ही चादरी ठेवतो."

मी भिंतीला टेकले. तिला वाटलं मला चक्कर आली, खुर्ची आणायला धावली.

तीन हिवाळे. एकच नळ, माझ्या आधीची त्यांची खोली. त्यांनी चावी बंद केली की त्यांच्या वाटणीची ऊब पुढे सरकून माझ्याकडे यायची. स्ट्रूअनने मला मांस आणि हाडं सांगितली तेव्हाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. मी देवाचे आभार मानत बसले होते. आणि नव्या बॉयलरचं त्यांना कोणी सांगितलंच नाही.

आत जाऊन त्यांच्यासमोर बसले. "डॅड, तुम्ही माझ्यासाठी बंद करत होतात?"

ते खिडकीतून मोटारींकडे बघू लागले. "तू त्या खोलीत गेलीस तो पहिला हिवाळा," म्हणाले, "कोट घालून झोपायचीस. रडायचीसही. भिंत पातळ आहे. रडण्यावर माझ्याकडे काही इलाज नव्हता. थंडीवर होता."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू उघडली असतीस."

त्यांना सगळं समजावलं, स्ट्रूअनने समजावलं होतं तसं. दोन नळ, पंप, प्रत्येकाला आपापलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, एकही शब्द निसटला नसेल. "सगळ्यांना एकदम?" म्हणाले. "बंद केला तरी तुला जास्त नाही?"

"नाही."

"मग महिनाभर मी उगाच गारठलो की." आणि हसले. मी किती वर्षांनी ऐकलं ते हसणं.

मी म्हटलं, चला घरी. म्हणाले, "नको, पोरी. इथे बरं आहे मला. जेवण छान असतं. डॉमिनो खेळायला एक माणूस मिळालाय. तू जा."

दोनदा विचारलं. दोनदा तेच. तेव्हा म्हटलं ठीक आहे, मन रमलंय तर जबरदस्ती कशाला करायची. ग्रिअरला तसं कळवलं. तीही म्हणाली, बघ, मी सांगत होते. येताना रस्ताभर मोकळं मोकळं वाटत होतं. जेवणही आवडायला लागलं, म्हणजे काळजी मिटली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चहा ओतता ओतता हात थांबला. जेवण छान असतं म्हणे. ज्या तोंडाने निळ्या ओठांनी 'मला उकडतं' म्हणाले, त्याच तोंडाने. आणि मी दुसऱ्यांदा फसले. दुसऱ्यांदा मात्र मला फसायचंच होतं, हे इथे कबूल करते.

ग्रिअरला फोन केला. ती म्हणाली, "तू दमली आहेस म्हणून तर हे सगळं केलं ना आपण?"

"दमलेच आहे," मी म्हटलं. "उद्याही दमेन. आठवड्यातून दोन दिवस तू येत जा. एडिनबरा काही चंद्रावर नाही." पलीकडे डायरीची पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, शनिवार-रविवार जमेल. रोनाला निरोप ठेवला की ये आणि पुन्हा मोज, आता अठराच भरेल.

बारा मैल गाडी हाकत गेले. डॉमिनो खेळणारा कुणी माणूस तिथे नाही, योलांताला विचारलं. ते खिडकीशी बसले होते, रेडिएटर चारवर, गाल लाल. मला बघून म्हणाले, "आज कशाला आलीस? थंडी किती आहे. मी सांगितलं ना, इथे मला—"

मी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर पुन्हा नाहीच म्हणाले असते. कपाटातून कोट काढला, त्यांच्यासमोर वाकले आणि डावा हात बाहीत घातला. माझ्याकडे बघत राहिले. मग उजवा हात त्यांनी आपण होऊन दुसऱ्या बाहीत घातला.